न आलेला बटवा

हेमांगी देशिंगकरनं आयुष्यात कुणाला फुकटची शाबासकी दिली नव्हती आणि कुणाची चूक पोटातही घातली नव्हती. सांगलीतल्या हळद तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. समोर कितीही बडा व्यापारी बसलेला असो, "तुमच्या हळदीत रंग आहे" हे वाक्य ती "चहात साखर कमी आहे" इतक्याच सहजपणे बोलायची. लोक तिला फटकळ म्हणत, आणि तिला तो सत्कार वाटे.

त्यामुळे त्या दुपारी डबा उघडण्याआधी फोनवर अभिप्राय लिहिताना तिचा हात कुठंही अडखळला नाही. संक्रांत होऊन गेली होती. रथसप्तमीच्या आत घरचं हळदीकुंकू उरकायचं होतं आणि वाण काय लुटायचं ते अजून ठरत नव्हतं. विट्याच्या एका दुकानाचे कापडी बटवे तिला चित्रात आवडले होते. आधी एक नमुना बघावा, मग सगळ्या बायकांसाठी मागवावेत, असा शहाणा विचार करून तिनं एकच बटवा मागवला. किंमत वडापावाएवढी. तो आला नाही. तिनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, 'पाठवलाय ताई. मिळंल.'

हेमांगीनं लिहिलं, 'पैसे आधी घेतले, वस्तू आलीच नाही. वस्तू स्वस्त आहे, गिऱ्हाईक कशाला तक्रार करतंय, या भरवशावर धंदा चाललेला दिसतो. कुणीही फसू नये.' पाचातली एक चांदणी दिली आणि डबा उघडला. भाजी थंड झाली होती, त्याचाही राग तिनं मनातल्या मनात त्या दुकानावरच काढला.

हेमांगी कॉलेजात होती त्या काळी असल्या अभिप्रायाला कुणी भीक घालत नसे. पुढं यंत्रं अगदी माणसांसारखं लिहायला लागली आणि दुकानदार स्वतःची स्तुती पोत्यानं विकत घ्यायला लागले. समोरच्याची निंदाही पोत्यानं मिळू लागली. खरं काय ते कुणालाच कळेना. त्या गोंधळातून 'साक्ष' नावाची पद्धत आली.

तिच्यामागची कल्पना हेमांगीला पहिल्याच वाचनात पटली, कारण ती रोज तेच करत होती. प्रयोगशाळेतला काटा खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं? त्यावर आधी ठाऊक असलेलं वजन ठेवायचं. काटा बरोबर बोलला, की मग त्यावर ठाऊक नसलेली वस्तू ठेवायची आणि तो सांगेल ते मानायचं. साक्षीनं माणसांचेच काटे केले. महागाच्या पार्सलांवर एक पातळ चकती असे. पार्सल कुठं पोचलं, कधी उघडलं, हे ती चकती परस्पर कळवायची. म्हणजे फ्रिज मिळाला नाही असं कुणी म्हटलं, तर तो माणूस खरं बोलतोय का हे तपासता येई. अशी वर्षानुवर्षं तपासणी होऊन प्रत्येकाच्या शब्दाला एक भार मिळे. स्वस्त वस्तूंवर मात्र चकती नसे, कारण चकतीच वस्तूपेक्षा महाग पडायची. तिथं पुरावा एकच, गिऱ्हाइकाचा शब्द आणि त्या शब्दाचा भार.

हेमांगी कधीच खोटी पडली नव्हती. तिच्या एका शब्दाचा भार म्हणजे अख्ख्या गल्लीच्या बोंबलण्यापेक्षा जास्त. भार असलेल्या माणसाला त्यातला थोडा दुसऱ्या कुणाला उसना देता येई, त्याला 'पाठराखण' म्हणत. हेमांगीनं एकाच माणसाची पाठराखण केली होती, धाकट्या बहिणीची. अनघा नवऱ्यापासून वेगळी होऊन मिरजेत राहत होती आणि मेतकूट, भाजणी, चटण्या करून विकत होती. नव्या दुकानाला कोण विचारतंय? पण ताईचा भार पाठीशी लागला आणि अनघाचं दुकान लोकांना पहिल्या ओळीत दिसू लागलं. आता तिच्या हाताखाली दोघी बायका होत्या, आणि मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून शिकत होती.

दोन दिवसांनी हेमांगीला निरोप आला, 'आपल्या साक्षीमुळे इतर ग्राहकांचं नुकसान टळलं. सदर दुकान आता दिसणार नाही. आभारी आहोत.' तिनं तो अनघाला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवला.

"ताई, तू म्हणजे तू आहेस," अनघा म्हणाली आणि दोघी हसल्या.

वाणाला शेवटी बाजारातून स्टीलचे चमचे आणले.

हळदीकुंकवाला बोलावलेल्यांपेक्षा जास्त बायका आल्या. दर वर्षी येतात, आणि दर वर्षी हेमांगीचा अंदाज चुकतो. चमचे संपले तेव्हा सबनीसवहिनी नुकत्याच येऊन टेकल्या होत्या.

"थांब गं, रिकाम्या हातानं पाठवू नकोस त्यांना," आतून सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पेटीत पडलीयेत की ढीगभर."

सासूबाईंची, म्हणजे माईंची, ही पेटी म्हणजे त्या घराची अडीअडचणीची बँक होती. संक्रांतीपासून घरात येणारी वाणं, मग त्या गाळण्या असोत नाहीतर कुंकवाच्या डब्या, सगळी तिच्यात जात आणि ऐन वेळी जास्तीची सवाष्ण दारात आली की बाहेर निघत. आपणच दिलेली डबी तीन घरं फिरून आपल्याकडे परत आली, तरी कुणी वाईट वाटून घेत नसे. जिला हळदीकुंकवाला जाता आलं नाही तिचं वाण शेजारीण पाकिटात घालून, वर नाव लिहून, फाटकाला लटकवलेल्या दुधाच्या पिशवीत टाकून जाई. त्या गल्लीची ही जुनी रीत होती.

माई एक खाकी पाकीट घेऊन बाहेर आल्या आणि सबनीसवहिनींच्या हातात देणार, एवढ्यात हेमांगीला त्यावर आपलं नाव दिसलं. गुलाबी शाई, ठसठशीत वळणदार अक्षर. 'सौ. हेमांगी शिरीष देशिंगकर यांस. तिळगूळ घ्या.' कोपऱ्यात एक छोटं फूलही काढलेलं होतं.

"हे कुणाचं वाण, माई?"

"कोण जाणे. दुधाच्या पिशवीत होतं. तुझं नाव वाचलं नि ठेवलं पेटीत."

हेमांगीनं पाकीट उलटं केलं. मागं त्याच अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव होतं. मुमताज आतार, यंत्रमाग गल्ली, विटा.

"माई, हे पार्सल आहे."

"हे?" माईंना खरंच नवल वाटलं. "पार्सलाला खोकं असतं गं. चिकटपट्टी असते. हे तर हातानं लिहिलंय. टपालाचा शिक्का होता म्हणा, पण वाणाला नवं पाकीट कोण आणतंय? सगळ्या जुनीच वापरतात." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या हसल्या. "म्हणजे तू शोधत होतीस ते हेच? काखेत कळसा नि गावाला वळसा."

सबनीसवहिनीही हसल्या. त्यांना एक साबणाची डबी मिळाली आणि त्या खुशीत गेल्या. हेमांगी मात्र अत्तरदाणी हातात धरून तिथंच उभी राहिली.

माईंना दोष देण्यात अर्थ नव्हता, आणि ते हेमांगीला कुणी सांगायची गरज नव्हती. महागाचं पार्सल यायचं असलं की ती घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवायची, आल्यावर चारही बाजूंनी तपासायची. बटव्याच्या वेळी तिनं घरात "काही आलंय का" एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत किलोच्या वजनांनी तपासलेल्या काट्यावर चिमूटभर हळद तोलायला घेतली असती, तर तिनं त्या माणसाला फाडून खाल्लं असतं. जड वजनाला खरा असलेला काटा हलक्या वजनाला खोटा असू शकतो, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची. साक्षीनं फ्रिजच्या आणि कपाटाच्या वजनांवर तिला तपासलं होतं, आणि मग वडापावाच्या किमतीच्या बटव्यासाठी तिचा शब्द प्रमाण मानला होता. त्यांचं चुकलं हे खरं. पण काटा तर तीच होती ना.

दुसऱ्या दिवशी तिनं साक्षीत 'माघार'चे नियम उघडले. ते वाचून तिचं डोकं जड झालं. माघार घेता येत होती, पण मूळ शब्द पुसला जात नव्हता. तसा तो पुसला असता, तर दुकानदारांनी गिऱ्हाइकांना दमदाटी करून किंवा पैसे चारून माघारी घ्यायला लावल्या असत्या, आणि पूर्वी ते झालंही होतं. म्हणून बोललेला शब्द बोलतानाच्या भारानं कायम राही आणि माघार म्हणजे नुसती एक नवी साक्ष धरली जाई. आता मेख अशी, की माघार घेणारा माणूस आपण चुकलो हे कबूल करतो. त्यामुळे त्याचा भार लगेच खाली येई, आणि माघार मोजली जाई ती त्या उतरलेल्या भारानं.

थोडक्यात, तिनं खोटं लिहिलं तेव्हा तिच्या शब्दात दुकान पाडायचं बळ होतं, आणि खरं लिहिल्यावर ते दुकान उभं करायचं बळ उरणार नव्हतं. वर अनघाला दिलेला उसना भारही त्याच क्षणी जाणार होता. हेमांगीनं फोन बाजूला ठेवला आणि उद्या बघू असं ठरवलं. नंतरही रोज ती तेच ठरवत राहिली, आणि प्रयोगशाळेत कुणाला "तुमच्या हळदीत रंग आहे" म्हणताना तिची नजर टेबलावर जायला लागली.

शेवटी तिनं स्वतःची समजूत काढली, की त्या बाईकडून निदान बटवे तरी विकत घ्यावेत, आणि सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं विट्याला गेली. पाकीट पर्समध्ये होतं.

मुमताज आतारचं घर यंत्रमागांच्या खडखडाटात होतं. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर ढकललेला, शिलाई मशीनवर कुणाच्या तरी साडीला पिको करत होती.

"बटवे?" ती म्हणाली. "आता न्हाई करत. दुकान दिसंना झालंय आमचं. पण बसा की, उन्हातनं आलाय. च्या घ्या."

"बंद का पडलं?"

"कुणीतरी लिहिलं, वस्तू आलीच न्हाई. एक बटवा. त्याच्यामागनं बाकीच्यांनी पण मागण्या मोडल्या."

"राग आला असेल तुम्हाला."

"आला की. दोन दिवस मनातनं शिव्या घातल्या. मग कळलं, लिहिणारी बाई लई भाराची हाय. खोटं बोलणाऱ्यातली न्हवं." मुमताजनं मशीन थांबवलं. "मग मलाच वाटाय लागलं, आपल्याकडनंच काहीतरी झालंय. शिवायचं काम माझं. पाकिटं भरून, नावं घालून टपालात टाकायचं काम माझ्या जावंचं, नसीमाचं. लई देखणं अक्षर हाय तिचं. गिऱ्हाइकाचं नाव छापून लावायचं न्हाई म्हणायची, हातानं लिहिलं की माणसाला बरं वाटतं. तिला इचारलं, खरंच टाकलंस का ते पाकीट? तिनं शपथ घेतली. मी म्हटलं, तुझी शपथ राहू दे, त्या बाईचा भार बघ."

"मग?"

"मग काय? तवापासनं बोलणं न्हाई." तिनं मानेनंच दाखवलं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं. "हे दार आम्ही लग्न होऊन आलो तवापासनं कधी लावलं न्हवतं. आता तिनं आतनं कडी घातलीय."

हेमांगीनं चहा प्यायला. पर्स मांडीवरच होती. ती उघडायला एक क्षण पुरला असता, पण तिचा हात पर्सच्या चेनवर जाऊन परत आला. मुमताजनं उरलेले बटवे तिच्यासमोर ठेवले. "आवडीनं आलाय तर न्या. हितं पडून कसर लागायची." पैसे घ्यायला ती तयार नव्हती. हेमांगीनं ते बळंच मशीनवर ठेवले आणि ती जवळजवळ पळतच बाहेर आली. परतीच्या एसटीत तिला स्वतःची शिसारी आली. उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडावर खरं बोलायला ती कचरली नव्हती, आणि आज पहिल्यांदा ते खरं स्वतःबद्दलचं होतं तर ती चहा पिऊन पळून आली होती.

ती सांगलीला न उतरता तशीच मिरजेला अनघाकडे गेली. अनघा मोठ्या कढईत भाजणीची डाळ परतत होती. हेमांगीनं तिथंच स्टुलावर बसून सगळं सांगितलं. अनघाचा हात थांबला नाही. डाळ करपली असती.

"तू माघार घेतलीस तर तिचं दुकान परत दिसेल?"

"नाही."

"आणि माझं?"

"तेही मागं जाईल."

"मग हे तू तिच्यासाठी करत नाहीयेस, ताई. तुला बरं वाटावं म्हणून करतेयस." अनघानं गॅस बंद केला. तिचा आवाज चढला नव्हता. "तू मोठी आहेस, तुला मी काय सांगू? पण मी त्या घरातून दोन पिशव्या घेऊन बाहेर पडले, तेव्हा तू म्हणालीस, मी आहे तुझ्या पाठीशी. ते मी खरं धरून चालले. आता मी फक्त एवढंच मागते, तू गप्प बस. आयुष्यात एकदाच."

"बरं," हेमांगी म्हणाली. निघताना अनघानं नेहमीप्रमाणे मेतकुटाचा डबा तिच्या पिशवीत घातला. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

त्यानंतर गप्प बसणं हेच हेमांगीचं काम झालं, आणि ते तिला जमेना. अनघाचं म्हणणं तिला खोडता येत नव्हतं, आणि भिंतीतल्या त्या दाराची कडी मनातून जात नव्हती. रोज जेवताना मेतकुटाचा डबा समोर येई आणि ती तो न उघडताच बाजूला सारी. माईंनी एकदा विचारलं, "अगं, एका बटव्यासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हेमांगी म्हणाली, "एका बटव्यासाठी मी काय लिहिलं ते तुम्हाला ठाऊक नाही, माई."

मग तिनं मधला मार्ग काढला. माघार घ्यायची नाही, अनघाला दिलेला शब्द पाळायचा, पण पाकीट तेवढं त्या दोघींपर्यंत पोचवायचं. रथसप्तमीच्या दिवशी ती पुन्हा विट्याला गेली. या वेळी चहा येण्याआधीच तिनं पर्स उघडली.

मुमताजनं पाकीट हातात घेतलं. आधी नाव वाचलं, मग चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा वाचलं. फुलावरून बोट फिरवलं.

"हे कुठं घावलं?"

"माझ्या घरी. ती बाई मीच." हेमांगी ठरवून आणलेलं पुढचं सगळं विसरली. "पाकीट वेळेवर आलं होतं. सासूबाईंना वाण वाटलं, त्यांनी पेटीत ठेवलं. मी घरात विचारलंसुद्धा नाही. चूक माझी आहे. तुमची नाही, तुमच्या जावेची तर मुळीच नाही."

मुमताजनं पाकीट उलटं करून मागचं स्वतःचं नाव वाचलं. हेमांगीला वाटलं होतं ती ओरडेल, हाकलून देईल. ते सोपं गेलं असतं.

"म्हणजे टाकलं हुतं तिनं," मुमताज हळूच म्हणाली. "आणि मी तिला चोर म्हटलं." मग तिनं मान वर केली. "जिथं पहिलं लिहिलं, तिथं लिहिलं का तुम्ही हे?"

"त्याचा उपयोग नाही हो. दुकान नाही परत दिसणार. नियम असे आहेत की..."

"दुकानाचं न्हाई इचारलं मी, ताई. दुकान गेलं तर गेलं, पिको करून पोट भरतंय. पण बटवे आतारांचे, आणि पाकिटं नसीमा टाकती, हे सगळ्या गल्लीला ठाव हाय. तिच्यावरचा आळ तुमच्या त्या लिहिण्यातनं आलाय. तो तिथनं निघाय पायजे. निम्मं खरं माझ्या घरात सांगून आणि निम्मं तिथं झाकून कसं चालंल?"

 हे तू तिच्यासाठी करत नाहीयेस, असं अनघा म्हणाली होती. कुणासाठी करायचं ते आता हेमांगीला कळलं, नसीमासाठी, आणि कळून काही हलकं वाटलं नाही. अनघाही खरीच होती. अनघा आणि नसीमा या दोघींमधल्या एकीला बुडवल्याशिवाय दुसरीला न्याय नव्हता, आणि ही वेळ दोघींवर आणली होती ती तिनंच, डबा उघडायच्या आधीच्या दोन मिनिटांत.

मुमताज उठली. तिच्याकडे पुन्हा न बघता ती भिंतीतल्या दाराशी गेली आणि दारावर हात मारला. "नसीमा, कडी काढ. काढ गं. तुझं अक्षर आलंय परत."

हेमांगीनं फोन काढला. नियम पुन्हा वाचण्यात अर्थ नव्हता. तिनं लिहिलं, 'बटवा वेळेवर पोचला होता. पाठवणाऱ्यांनी तो नीट नाव घालून पाठवला होता. मी न विचारता खोटं लिहिलं.' आणि माघार घेतली. पडद्यावर तिच्या नावासमोरचा भार क्षणभर गोल फिरत राहिला आणि मग एखाद्या नवख्या माणसाइतका होऊन थांबला. त्याखाली बारीक अक्षरांत ओळ आली, 'आपण केलेली पाठराखण रद्द झाली आहे. संबंधित दुकानाला कळवले आहे.' आतारांचं दुकान तिनं शोधून पाहिलं. ते दिसत नव्हतं.

पलीकडे कडी निघाल्याचा आवाज झाला. मग नसीमाचा. ती रडत नव्हती, चांगली कडाकडा भांडत होती. इतके दिवस मनात साठलेलं सगळं ती जावेला ऐकवत होती, आणि मुमताज मधेमधे नुसती "व्हय, व्हय, चुकलं माझं" म्हणत होती. दार उघडंच होतं.

हेमांगीच्या हातातला फोन वाजायला लागला. पडद्यावर अनघाचं नाव होतं. तिनं तो थोडा वेळ वाजू दिला. मग उचलला आणि म्हणाली, "हो अनू. मीच केलं."

पलीकडून नुसतं कढईत काहीतरी परतल्याचं ऐकू येत होतं.